एकशे तेरा लाल बाटल्या

आमच्या ह्यांनी मला एका आठवड्यात चार वेळा डोळ्यांदेखत मरू दिलं. चौथ्यांदा तर मी धुळीत पालथी पडलेली असताना वर विचारलं, "आता मोकळीच आहेस तर चहा ठेवतेस का?" हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी दचकतात आणि मग हसतात. हसण्यासारखं त्यात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. ह्यांच्या पिशवीत तेव्हा एकशे तेरा लाल बाटल्या होत्या. एक बाटली घशाखाली गेली की मरायला टेकलेला गडी टुणकन उठून उभा राहतो. एकशे तेरा! आणि बायकोला त्यातली एक देववत नाही.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्ही ह्यांच्याबद्दल भलतंसलतं काहीतरी धरून बसाल. धरायला माझी हरकत नाही, पण खऱ्या कारणासाठी धरा.

माझं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हातात एक रबरी चेंडू दिला आणि म्हणाले, "आजी, रोज दोनशे वेळा दाबा, बोटं मोकळी होतील." आजी म्हणाले तेही मी सोडून दिलं. पण चेंडू दाबत बसणं हे काय काम आहे? तो उलट बोलत नाही, रुसत नाही, दाबला तसा दबतो. असल्याशी माझं कधी जमलेलं नाही. तिसऱ्या दिवशी वैतागून मी तो भिरकावला तो गेला थेट माळ्यावर. काढायला ह्यांना स्टुलावर चढवलं, तर चेंडूबरोबर खाली आलं मुलाचं जुनं खेळाचं यंत्र. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा टाकून गेलेला. टीव्हीला जोडायचं. सोबत दोन रिमोट, पण साधे नाहीत. दोन कानांचे, आणि अंगभर बटणं. मी एक हातात धरून पाहिला. दहाची दहा बोटं कामाला लागतात! डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "चालेल, पण बेतानं."

त्यांनी सांगितलं होतं, हे मी कबूल करते.

खेळ होता जुन्या काळातल्या एका राज्याचा. राक्षस, चेटकिणी, बोलणारी झाडं. त्यात आपला एक गडी निवडायचा. निवडायला तीसेक पोरी ओळीनं उभ्या होत्या आणि एकीच्याही अंगावर धड कपडा नव्हता. लढाईला निघालेली बाई पोट उघडं टाकून जाईल का? भाला काय विचारून लागतो? शेवटी अगदी कडेला एक ठेंगणी, रुंद खांद्यांची, बाह्या वर सारलेली बाई दिसली. कपाळाला आठ्या, दोन हातांत दोन कुऱ्हाडी. कुणीतरी भर कामातून उठवून आणल्यासारखी उभी होती. मी म्हटलं, हीच. नाव विचारलं तेव्हा "थोरली" सांगितलं.

राज्यात हिंडायचं, झाडांशी गप्पा मारायच्या, कुणाच्या हरवलेल्या शेळ्या शोधून द्यायच्या, अशी कामं पुष्कळ होती. शेळ्या मी शोधल्या नाहीत. ज्याच्या त्यानं बांधून ठेवाव्यात. मी थेट आखाडा गाठला. गोल मैदान, चार दगडी खांब, भोवती बाकांवर हजारो भुतं ओरडतायत, आणि समोरच्या दारातून जे बाहेर येईल त्याला आडवं करायचं. अशा पंधरा पायऱ्या. एकेक पायरी जिंकली की बक्षिसाची पेटी उघडते. कधी चिलखत निघतं, कधी हत्यार, कधी बाटल्या. हरलात तर तीच पायरी पुन्हा. पंधरावी मात्र वेगळी. तिथे जो पडला तो कायमचा गेला. नाव, हत्यारं, महिन्यामहिन्यांची मेहनत, सगळं पुसून टाकतात. आणि जो उभा राहिला त्याचा दगडी पुतळा आखाड्याच्या दारात बसवतात. जगात कुठूनही कुणी लढायला येवो, त्याला आधी त्या पुतळ्यासमोरून जावं लागतं.

पुतळा! आमच्या माहेरी म्हणा, सासरी म्हणा, आजवर कुणाचा पुतळा झालेला नाही. फोटो झाले, तेही माणूस गेल्यावर मोठे करून आणलेले. मी त्याच दिवशी ठरवून टाकलं, थोरलीचा पुतळा होणार.

लढाई मला कुणी शिकवावी लागली नाही. पंचवीस वर्षं पाण्याच्या टँकरपुढे हंडा घेऊन उभी राहिलेली बाई आहे मी. मोकळ्या मैदानात मधोमध उभं राहायचं नसतं. पाठ खांबाला लावायची, मागून कुणी येत नाही. दोघे एकदम अंगावर आले तर आयत्या वेळी बाजूला व्हायचं. ते एकमेकांवर आपटतात आणि मग त्यांचं त्यांच्यातच जुंपतं. दांडगा गडी हात उगारण्याआधी खांदा मागे घेतो, म्हणून पाहायचं ते खांद्याकडे, हत्याराकडे नाही. आणि राक्षस ताडाएवढा असला तरी तीन घाव घातले की चौथ्याच्या आधी धापा टाकतो. तेवढ्यात घुसायचं आणि दोन्ही कुऱ्हाडी चालवायच्या. एवढ्या चार गोष्टींवर मी सात पायऱ्या एकटीनं चढले. बोटं अशी मोकळी झाली की सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायला लागला.

आठव्या पायरीपासून चौघांची टोळी लागते. तिथून माझे हाल सुरू झाले.

पहिला मिळाला खालचा टेलर. त्याच्या दुकानात मागच्या खोलीत असंच यंत्र होतं. लोकांचे कपडे कायम "उद्या" का मिळतात, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. तो झाला तिरंदाज. नेम असा की सुईच्या नेढ्यातून बाण काढील. त्याचं दुकान आमच्या खिडकीच्या बरोबर खाली, त्यामुळे तो कानाला काही लावत नाही, नुसता वर तोंड करून ओरडतो. "मावशी, डावीकडे! मावशी, वाका!" रस्त्यानं जाणारी माणसं उगाच वाकतात.

दुसऱ्या आमच्या विहीणबाई. दुसऱ्या गावी राहतात, पण लेकीनं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, त्यांना यंत्र घेऊन दिलंय, आणि खेळताना त्यांचा आवाज आमच्या टीव्हीतून येतो. निवृत्त शिक्षिका आहेत. इंग्रजी येतं, आणि ते येतं हे समोरच्याला कळल्याशिवाय त्या राहत नाहीत. त्या वैदू झाल्या. काठी हलवून जखमा भरायच्या, विष उतरवायचं. पण काठी हलवण्याआधी पडद्यावर जे लिहून येईल ते सगळं वाचणार.

"ताई, तुमच्या अंगात विष भिनलंय, असं दिसतंय खाली."

"मग उतरवा ना!"

"थांबा हो, वाक्य पुरं होऊ द्या. स्वल्पविराम आहे पुढे."

त्या स्वल्पविरामात मी दोनदा मेलेय.

आणि तिसरे आमचे हे. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर. पाइप, नळ, व्हॉल्व्ह, वायसर. अख्ख्या शहरात नळ गळत राहिले, पण ह्यांच्या स्टोअरमधले वायसर कधी संपले नाहीत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी मुद्दाम सांगितलं, "ह्यांच्या कारकिर्दीत स्टोअर एकदाही रिकामं झालं नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. आमच्या स्वयंपाकघरातला नळ तेव्हा तीन आठवडे टपटपत होता.

ह्यांनी गडी निवडला चिलखतवाला. डोक्यापासून पायापर्यंत लोखंड, नुसते डोळे दिसतात. नाव ठेवलं "साहेब". खेळाचा नियम असा, की बक्षिसाच्या पेटीतलं सगळं टोळीच्या एका पिशवीत जातं आणि पिशवी नायकाकडे राहते. नायक कोण, असं पडद्यावर विचारलं. आम्ही तिघं "तुम्ही व्हा, छे, तुम्ही व्हा" करत होतो, तेवढ्यात ह्यांनी बटण दाबलं.

आणि झालं. पिशवीला कुलूप लागलं.

"अहो, लाल बाटली द्या!"

"जीव किती उरलाय?"

"बोटभर!"

"बोटभर म्हणजे पुष्कळ झाला. जरा खांबाआड राहा."

"अहो, हा मला चावतोय!"

"आत्ता दिली आणि पुढे याहून मोठा आला तर काय देऊ?"

पुढे मोठा यायचाच, कारण हा मला खाऊन मोठा होत होता. पण सांगायचं कुणाला! दहाव्या पायरीला तर म्हणाले, "अशी तोंडी मागणी करू नकोस, गोंधळ होतो. चिठ्ठीवर लिहून दे. काय पाहिजे, कशासाठी पाहिजे, खाली सही." समोर दोन लांडगे, हातात दोन कुऱ्हाडी, आणि मी सही कुठे करू? खेळून झाल्यावर मी खरोखर एक चिठ्ठी लिहिली आणि ह्यांच्या उशीवर ठेवली. कशासाठी, या रकान्यात लिहिलं, "विधवा न होता मरायचं नाही." ती ह्यांनी फाइलला लावली.

अकराव्या पायरीला पेटीतून पेटती तलवार निघाली. पात्यावर ज्वाळा, म्यानातून काढली की मैदान उजळून निघतं. टेलर खालून नाचायला लागला. हे मात्र आपल्या गंजलेल्या तलवारीनंच लढत राहिले. मी विचारलं, "ती नवी का काढत नाही?" तर म्हणाले, "कोरी आहे गं. एकदा वापरली की वापरलेली होते."

यातला सगळ्यात मोठा घोळ निराळाच होता. पिशवी जड झाली की ती वाहणारा गडी हळू चालतो. बाटल्या, चिलखतं, ढाली, बाणांचे भारे, आणि कुणाच्याही उपयोगाची नसलेली सतरा तुटकी शिरस्त्राणं. "मोडीत जातील," म्हणाले. साहेब एवढं ओझं घेऊन असे चालायचे की राक्षस यावा, त्यानं मला मारावं, परत जाऊन घटकाभर आराम करावा, तरी हे आपले अर्ध्या मैदानात. नवरा मदतीला येतोय हे मला दिसायचं. येतोय हेच दिसत राहायचं.

याच सुमाराला वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक आमच्याकडे यायला लागले. आले होते आवाजाची तक्रार करायला. दारातून टीव्ही दिसला, आत आले, आणि सोफ्यावर जी जागा धरली ती धरलीच. त्यांनी रिमोटला कधी हात लावला नाही, पण युद्धं त्यांना सगळी पाठ.

"वहिनी, तुमची चूक काय होतेय सांगू? शत्रूची रसद तोडा."

"तो गुहेतून उपाशी आलाय हो. त्याची रसद मीच आहे!"

"शिवाय राखीव साठ्याला हात न लावण्याचं ह्यांचं धोरण अगदी शास्त्रशुद्ध आहे. मोठमोठे सेनापती शेवटपर्यंत राखीव दल राखून ठेवत."

हे सुखावले. पाठ ताठ करून बसले. मी विचारलं, "त्या सेनापतींच्या बायका पुढच्या फळीत होत्या का?" प्राध्यापकांनी चष्मा पुसला. सेनापतींच्या बायकांबद्दल त्यांनी काही वाचलेलं नव्हतं.

तरीही आम्ही चौदा पायऱ्या चढलो. कशा, ते विचारू नका. माझं मरण, टेलरचे बाण, विहीणबाईंचं वाचन आणि ह्यांची काटकसर, एवढ्या भांडवलावर चढलो. मग पंधराव्या पायरीच्या दाराशी पडद्यावर लाल अक्षरं आली. विहीणबाईंनी वाचली: ज्याचा गडी त्यानंच लढायचं, आणि तो त्याचाच आहे याचा पुरावा शनिवारी दुपारी बाराच्या आत द्यायचा. नाहीतर दार बंद, आणि पुन्हा आठव्या पायरीपासून सुरुवात.

आता यंत्र मुलाच्या नावावर. त्यामुळे थोरलीची मालकी कागदोपत्री चौतीस वर्षांच्या एका पुरुषाकडे होती. साहेबांची नोंद मात्र ह्यांनी पहिल्याच दिवशी कागद जोडून स्वतःच्या नावावर करून घेतली होती. मुलाला फोन केला तर तो हसत सुटला. हसू आवरल्यावर म्हणाला, "आई, मदत केंद्राला लिही."

लिहिलं ह्यांनी. खात्याची माणसं असल्या कामात पाण्यातल्या माशासारखी असतात. "विषय: थोरली हिच्या मालकीबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून..." विहीणबाईंनी त्याचं इंग्रजी केलं, टेलरनं पाठवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं: तुमची अडचण आम्हाला समजली आहे, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. आम्ही केलं. पण मी मुलगा होते ती आई काही झाले नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा उत्तर: तुमची अडचण सुटल्याचा आम्हाला आनंद आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? मी म्हटलं, एकेक तारा मोजून डोक्यात घालते म्हणावं. विहीणबाईंनी त्याचं इंग्रजी काय केलं कोण जाणे, पण शुक्रवारी संध्याकाळी तिसरं उत्तर आलं आणि त्यात मात्र काम होतं. ओळखपत्र हातात धरून मी यंत्रासमोर उभं राहायचं. पत्रावरचा चेहरा आणि माझा चेहरा एक आहे असं यंत्राला पटलं की थोरली माझी.

शनिवारी सकाळी चांगली साडी नेसून उभी राहिले. जरा हसले. यंत्र म्हणालं, चेहरा जुळत नाही. चष्मा काढला, जुळत नाही. केस नीट बसवले, जुळत नाही. साडेअकरा वाजले. प्राध्यापकांनी ओळखपत्र हातात घेऊन निरखून पाहिलं.

"वहिनी, यात तुम्ही फार रागावलेल्या आहात."

होतेच. फोटोच्या दिवशी तीन तास रांगेत उभं केलं होतं मेल्यांनी. मग मी राग आणायचा प्रयत्न केला. पण मुद्दाम आणलेला राग माझ्या चेहऱ्यावर बसेना, खऱ्याचीच सवय. पावणेबारा झाले. टेलर नखं खायला लागला. तेवढ्यात हे कोपऱ्यातून अगदी सहज म्हणाले, "काही म्हण, पण लढाईत विहीणबाईंचा हात तुझ्यापेक्षा सफाईदार आहे."

मी वळून पाहिलं.

यंत्रानं टुंग केलं. चेहरा जुळला!

रविवारी पाच वाजता लढत. टेलरनं दुकानाला अर्धं शटर लावलं. प्राध्यापक स्वतःची उशी घेऊन आले. मी थोरलीच्या कुऱ्हाडींना धार लावून घेतली, पट्टे आवळले, आणि खरं सांगते, क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत बसले. आठ महिने झाले होते. तिच्या कपाळावरच्या आठ्या मला पाठ होत्या. आज ती पडली असती तर उद्या त्या यंत्रात तिचं नावही सापडलं नसतं.

दार उघडलं आणि बाहेर आला तीनतोंड्या. प्रत्येक खांब त्याच्या कमरेला लागत होता. एक तोंड आग ओकत होतं, दुसरं विष, तिसरं चक्क झोपलेलं.

"मान नाही तोडायची!" मी ओरडले. "पाय! पायच मोडायचे! टेलरभाऊ, आगीच्या तोंडाचे डोळे धरा!"

"धरले मावशी!" खालून आवाज आला, आणि सण्णकन दोन बाण गेले. आग ओकणारं तोंड आंधळं झालं आणि भलतीकडेच आग ओकायला लागलं. भुतं बाकांवर उभी राहिली! मी खांबाआडून घुसले, उजव्या गुडघ्यावर दोन घाव, पुन्हा खांबाआड. त्यानं खांदा मागे घेतला, मी वाकले. एक, दोन, तीन, आणि लागला की धापा टाकायला! पुन्हा घुसले. विहीणबाई आज वाचायच्या आधी काठी हलवत होत्या, माझ्या जखमा लागल्याबरोबर भरत होत्या. असं वाटलं की आपण चौघं जन्मभर हेच करत आलोय. प्राध्यापक सोफ्यावर उभे राहिले होते, चपलांसकट, आणि मी त्यांना काही बोलले नाही. यावरून काय ते समजा.

त्याचा उजवा गुडघा टेकला. अर्धा जीव संपला. आणि तिसरं तोंड जागं झालं.

"ताई," टीव्हीतून विहीणबाई म्हणाल्या, "खाली लिहून आलंय. सावधान, तिसरं तोंड जागं झालं की चुकूनही..."

आणि आवाज बंद. त्यांच्या गावची वीज गेली होती. विहीणबाई खांबामागे हातात काठी, दुसऱ्या हाताचं बोट वर केलेलं, अशा जागच्या जागी थिजल्या.

"चुकूनही काय?" टेलर खालून ओरडला. "मावशी, चुकूनही काय?"

ते आम्हाला लगेच कळलं. चुकूनही खांबामागे लपू नका, हे ते होतं. तिसऱ्या तोंडानं एक फुंकर घातली आणि माझा खांब माझ्यासकट उडाला. मी मैदानाच्या मधोमध जाऊन पडले. अंगात वीतभर जीव. दुसऱ्या फुंकरीला बोटभर. मग नखाएवढा.

"काका, माझे बाण संपले!" टेलर ओरडला. "पिशवीत भारे आहेत, फेका!"

मी वाट पाहत होते की आता हे विचारतील, किती संपले, कशासाठी पाहिजेत. मला बाटली मागायची होती, पण सात पायऱ्या मागून मागून माझं तोंड आंबलं होतं. मी पहिल्यांदाच गप्प बसले. थोरलीला उभी केली, मागे खांब नाही, बाजूला कुणी नाही, नुसत्या दोन कुऱ्हाडी समोर धरल्या. जुनं मनगट थरथरायला लागलं ते रिमोट वाजेपर्यंत.

हे टीव्हीकडे बघत नव्हते. माझ्या मनगटाकडे बघत होते.

"अगं, पोचत नाही मी," म्हणाले. आवाज असा की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "एवढं घेऊन मी पोचतच नाही."

आणि ह्यांनी पिशवी उपडी केली.

खण, खण, खण! बाटल्या, ढाली, बाणांचे भारे, सतरा शिरस्त्राणं, सात पायऱ्यांची सगळी बक्षिसं मैदानभर घरंगळत गेली. मागणी नाही, चिठ्ठी नाही, सही नाही. चौतीस वर्षांत न झालेली गोष्ट आमच्या हॉलमध्ये घडली. भुतांचं ओरडणं थांबलं. एक लाल बाटली गडगडत येऊन थोरलीच्या पायाला लागली.

आणि साहेब धावले! आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की ते धावू शकतात. लोखंडाचा तो एवढा माणूस वाऱ्यासारखा सुटला. धावता धावता गंजकी फेकून पेटती तलवार उपसली, आणि मैदान उजळून निघालं. तीनतोंड्यानं खांदा मागे घेतला होता, नेमका माझ्यावर. हे मध्ये येऊन उभे राहिले.

पहिला घाव, ढाल गेली. मी बाटली उचलली. दुसरा घाव, चिलखत फुटलं. मी बाटली तोंडाला लावली. "बाजूला व्हा!" मी ओरडले. "अहो, झालं माझं, व्हा बाजूला!"

"तिसरा राहिलाय ना," हे म्हणाले. "तिसऱ्यानंतर तो धापा टाकतो. तूच सांगतेस."

तिसरा घाव बसला. साहेब आडवे झाले, आणि टीव्हीचा ह्यांच्या वाटणीचा अर्धा भाग काळा पडला.

तीनतोंड्या धापा टाकत होता.

त्यानंतर मी काय केलं ते मला आठवत नाही. टेलर म्हणतो की माझी शिवी त्याला खालच्या दुकानात ऐकू आली, आणि रस्त्यावरच्या दोघांनी तर वर पाहून माफी मागितली. कुऱ्हाडी कुठे लागल्या, किती लागल्या, काही आठवत नाही. प्राध्यापक माझा खांदा हलवत होते, "वहिनी, पडला तो, वहिनी, पडला, आता मारू नका," तेव्हा मी थांबले. टीव्हीत भुतं टोप्या उडवत होती, नगारे वाजत होते, आभाळातून सोनेरी चुरा पडत होता. खाली टेलर शटर बडवत होता. प्राध्यापकांनी उशी छताला फेकून मारली. मीही ओरडत होते, काय ते देव जाणे.

मग आखाड्याचं दार दाखवलं. दारात चार चौथरे. पहिल्यावर थोरली, दगडातही आठ्या तशाच. दुसऱ्यावर टेलरचा तिरंदाज. तिसऱ्यावर विहीणबाई, बोट वर करून. अर्धी लढत विजेविना उभ्या होत्या, अंगाला ओरखडा नाही, आणि पुतळा त्यांचाच सगळ्यांत ऐटबाज. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी मला तो तीन वेळा वर्णन करून सांगितला, जणू मी पाहिलाच नाही.

चौथा चौथरा रिकामा.

हे दोन कानांचा रिमोट मांडीवर ठेवून बसले होते. प्राध्यापक उशी उचलून हळूच दाराबाहेर पडले. मी काही बोलणार तोच ह्यांनी विचारलं, "बाटल्या किती लागल्या तुला?"

"एक."

"आणि बाकीच्या एकशे बारा?"

"मैदानात. दार बंद झालं आता."

ह्यांनी डोळे मिटले. एकशे बारा बाटल्या, एक कोरी तलवार, सतरा शिरस्त्राणं आणि स्वतः साहेब, एका संध्याकाळी सगळं शून्यावर. मग एक डोळा उघडून टीव्हीतल्या थोरलीकडे पाहिलं, आणि दुसरा उघडून माझ्याकडे. काहीतरी ऐकायचं होतं त्यांना. लग्न झाल्यापासून मी ह्यांना चांगलं म्हणायची घाई कधी केलेली नाही, आणि एका पुतळ्यासाठी सवय मोडणारी बाई मी नव्हे. पण माणूस गेल्यावर त्याच्या बायकोनं खरं ते सांगायलाच हवं.

"ऐका," मी म्हणाले. "स्टोअरकीपर म्हणून आज तुम्ही साफ नापास झालात. नवरा म्हणून पास. पण काठावर!"